पाचवी मूठ: भुसावळ ते मुकुटबन

आमच्या घरात एक कायदा आहे. कुठेही जा, पोचल्यावर कळवायचं. जळगावला लग्नाला गेलात तरी कळवायचं आणि कोपऱ्यावर दळण टाकायला गेलात तरी. आजी म्हणायची, हा कायदा मार्था आत्याचा. मार्था आत्याला मी पाहिलेलं नाही, पण तिचा कायदा मोडला तर पप्पा आजही जेवत नाहीत. मी त्यांचीच मुलगी. शाळेत भूगोल शिकवते, पोरांकडून जगातल्या नद्या घोकून घेते, आणि स्वतः मनमाडच्या पलीकडे जायचं म्हटलं की तीनतीनदा गॅस बंद केलाय का ते बघते. अशी बाई एकटी यवतमाळ जिल्ह्यात चार दिवस हिंडून आली, तर कारण तसंच असणार.

कारण पप्पा. वय त्र्याऐंशी, रेल्वेतून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन, आणि हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने सगळं ठीक आहे. हे वाक्य ऐकल्यापासून माझी झोप उडाली. पप्पांची मुळीच नाही. त्यांनी घरी येऊन पाथरवटाला बोलावणं धाडलं. कब्रस्तानात आमच्या कुटुंबाचा एक सामाईक दगड आहे, त्यावरची नावं झिजलीत, ती नव्याने कोरून घ्यायची होती. यादी त्यांनी नकाशातल्यासारख्या रेखीव अक्षरात काढली. सगळ्यात वर एडविन बार्लो, आणि त्याच्याखाली एक रिकामी ओळ.

हो, आमचं आडनाव बार्लो. मराठी बोलतो, ज्वारीची भाकरी खातो, आणि गॅसच्या नंबराला फोन केला की पलीकडची मुलगी इंग्रजीत सुरू होते. एडविन हा पप्पांचा पणजोबा. इंग्लंडातून कापूस खरेदीला वऱ्हाडात आला, यवतमाळच्या बाजूला कुठेतरी सरकी काढायचं जिनिंग टाकलं आणि तिथेच तापाने गेला. त्याचं बायबल आमच्या कपाटात आहे. पहिल्या पानावर त्याच्या हातचं इंग्रजी: एडविन बार्लो आणि पत्नी. खाली चार मुलं, मार्था, थॉमस, एलन, जॉर्ज. जॉर्ज म्हणजे पप्पांचे आजोबा. आणि त्याखाली त्याच्या घोडीचं नाव, डचेस.

"घोडीच्या नावाला शाई होती," पप्पा म्हणाले. "माझ्या पणजीच्या नावाला नव्हती. रेखा, मला टेबलावर घ्यायच्या आधी तेवढं नाव आणून दे."

मी हो म्हणून बसले आणि मग दोन भीतींनी धरलं. पहिली अशी की ती 'पत्नी' खरोखर पत्नी नसेल तर? साहेब लोकांच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. पप्पांना मी काय तोंडाने सांगणार? दुसरी भीती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. आमची आजी म्हणायची, जाणाऱ्या माणसाचा जीव एका गोष्टीत अडकलेला असतो, ती झाली की तो मोकळा होतो. म्हणजे मी नाव आणलं तर पप्पा निर्धास्त होऊन टेबलावर जाणार, आणि निर्धास्त माणूस परत येतो का? शिकलेल्या बाईने असा विचार करू नये हे मलाही कळतं. पण डोक्यात यायचं ते आलंच.

निघण्याआधी आमच्या घरातली आणखी एक गंमत सांगायला हवी, कारण सगळा प्रवास शेवटी तिच्यावरच येऊन थांबला. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे एका रविवारी आजी मागच्या अंगणात पाच दगड धुऊन मांडायची. पेरूच्या झाडाला शिलाई मशीनचा पांढरा दोरा गुंडाळायची, दहीभात कालवायची, "भर माय भर, ओटी भर" म्हणत चार दिशांना चार मुठी उधळायची आणि पाचवी मूठ भिंतीवरून पलीकडे भिरकवायची. पलीकडे शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी असत. दरवर्षी भांडण. आजीला हे मार्था आत्याने शिकवलेलं, आणि मार्था आत्या ही साहेबाची सगळ्यात मोठी लेक, म्हणून आम्ही सगळे ठामपणे मानायचो की ही विलायतेची रीत आहे. एकदा आमच्या पाळकांनी हे काय चाललंय म्हणून हटकलं, तर पप्पांनी त्यांना इंग्लंडातले शेतकरी हंगामाचा सण कसा करतात यावर अर्धा तास ऐकवलं. आणि ते 'ओटी भर'? ते मूळ इंग्रजी गीताचं भाषांतर असणार. चर्चमधली निम्मी गीतं तशीच तर आलीत. आजी गेल्यावर मी करते. लाजत करते, पण करते.

तर पहिला दिवस. शेजारच्या नीताताईंवर पप्पांना सोपवलं (त्या धुण्याच्या भांडणातल्या काकूंच्या सूनबाई, आता आमचं गूळपीठ आहे) आणि सकाळची नागपूरकडची गाडी धरली. यवतमाळला जाणाऱ्यांनी धामणगावला उतरावं, चारेक तास लागतात. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तिकीट काढताना बघून घ्या. तिथून बाभूळगाववरून दीड तासाचा रस्ता, एसटी मिळते. मी मात्र गाडी सांगितली होती. आमच्या शाळेतल्या शबाना मॅडमचे मामेभाऊ अनीसभाई यवतमाळला गॅरेज चालवतात, साठीचे आहेत, स्वतःची गाडी आहे. दिवसाचे तीन हजार, डिझेल त्यातच, आणि चहा त्यांच्याकडून. ते स्टेशनवर उभेच होते.

गाडीत बसल्याबसल्या मी त्यांना बजावलं की माझं आडनाव कोणाला सांगायचं नाही. विचारलं तर मी कापसावर लिहिणारी बाई. ते म्हणाले, काहून? मी म्हटलं, साहेबाने कोणावर जुलूम केला असेल, कोणाला मारलं असेल, लोक विसरत नाहीत. अनीसभाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मते या जिल्ह्यात लोकांना परवाची लाईट कवा गेलती हे आठवत नाही, साहेब कोणाला आठवतो. पण कबूल झाले. बाभूळगावच्या अलीकडे आलुबोंडा आणि रस्सा खाल्ला. रस्सा डोळ्यांतून पाणी काढणारा आहे, पहिल्यांदाच खाणाऱ्यांनी बेताने घ्यावा. पप्पांचे तोवर तीन फोन झाले होते.

दुसरा दिवस यवतमाळात. जुन्या चर्चमध्ये आधी फोन करून जा, दुपारी कुलूप असतं. तिथल्या तरुण पाळकांनी दफनाच्या नोंदींची वही काढून दिली. पानं वाळक्या पाल्यासारखी होती, एकेक जपून उलटावं लागत होतं. दोन तासांनी एडविन सापडला. कापसाचा दलाल, ताप, आणि मृत्यूचं गाव. गावाचं नाव वाचून मला इतका आनंद झाला की शेजारचा रकाना बघायचं राहिलंच. पाळकांनीच बोट ठेवलं. विवाहित की अविवाहित या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: अविवाहित.

मी बाकावर बसले. पाळकांनी पाणी आणलं. तेवढ्यात फोन वाजला, पप्पाच.

"काय सापडलं?"

"वही भिजलीय पप्पा, नीट वाचता येत नाही," मी म्हटलं.

आयुष्यात त्यांच्याशी मी इतकं धडधडीत खोटं कधी बोलले नव्हते. ते म्हणाले, बरं, जेवून घे. त्यांच्या आवाजातला समजूतदारपणा मला जास्त लागला. संध्याकाळी अनीसभाईंच्या घरी जेवायला बोलावलं होतं. भाभींनी पाटवडी रस्सा केला होता, मी दोन घास खाल्ले. भाभींनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. परत जावं का, असंही विचारलं. भाभी म्हणाल्या, वहीत साहेबाची गोष्ट लिहिलीय, बाईची कुठं लिहिलीय? मला पटलं असं नाही. पण दुसऱ्या दिवशीच्या गाडीला नाही म्हटलं नाही.

तिसरा दिवस. यवतमाळहून जोडमोहा, मोहदा, करंजी असं करत पांढरकवडा, दोन तास धरा. करंजीपर्यंत जंगल आणि वळणं आहेत, पुढे हैदराबादचा मोठा हायवे. दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता. पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचं जंगल आहे आणि तिथले वाघ अधूनमधून शेतांत येतात हे मी आदल्या दिवशी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्यामुळे मी लघवीला जायचंही टाळत होते. अनीसभाई म्हणाले, मॅडम, वाघ एवढी काळजी करणाऱ्या माणसाले खात नाही, त्याले अपचन होते. केळापूरला जगदंबेच्या देवळापाशी थांबून त्यांनी माझ्यासाठी नारळपाणी आणलं. मी गाडीतूनच हात जोडले. चर्चची बाई असले तरी अशा वेळी कोणाला दुखवू नये.

तिथून झरीच्या बाजूने मुकुटबनकडे रस्ता लहान होतो. खड्डे आहेत, पण गाडी जाते. वहीतलं गाव मुकुटबनच्या थोडं अलीकडे आतल्या बाजूला आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या माणसांनी मला घरात घेतलं, त्यांच्या दारात उगाच गर्दी नको. गावाच्या कडेला विटांचं पडकं धुराडं दिसलं. त्याच्या आत पिंपळ उगवलाय आणि फांद्या वरून बाहेर आल्यात. साहेबाचं जिनिंग हेच. मी फोटो काढला, पण तो हलला, म्हणून इथे लावलेला नाही.

धुराड्याला लागूनच कापसाचं वावर होतं. बांधावर चाळिशीची एक बाई उभी होती, शेवंताबाई. कोण, कुठल्या, काय पाहिजे, सगळं तिने एका दमात विचारलं. मी माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, कापसावर लिहिते. तिला फार आनंद झाला. म्हणाली, मंग उद्या सकाळी या, उद्या आमच्या वावरात सीतादही हाय, मंगच वेचणी लागते. सीतादही हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. विचारलं तर म्हणाली, वेचणीच्या आंधी पूजा राह्यते, पाहसान तं समजंन. साहेबाबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही. खोटं बोलून मिळालेलं आमंत्रण घेऊन पांढरकवड्याला लॉजवर परत आले. खोल्या स्वच्छ आहेत, पाणी गरम येतं, पंखा मात्र वाजतो. पप्पांना फोन केला, पोचले म्हणून सांगितलं, बाकी काही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही वावरात. दव होतं, चपला चिखलाने जड झाल्या. पाचसहा बाया कमरेला कापसाची ओटी, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची झोळी, बांधून उभ्या होत्या. बांधावर पोत्यावर शेवंताबाईची सासू बसली होती, बायजाबाई. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत.

शेवंताबाईने पाच दगड धुतले आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या एका झाडाच्या बुडाशी ओळीत मांडले.

पाच दगड काय, कोणीही मांडतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग तिने पहिल्या फुटलेल्या बोंडातला कापूस काढला, बोटांनी वळून त्याचा धागा केला आणि झाडाभोवती गुंडाळला. मग डबा उघडला. दहीभात. आजीचा पेरू, आजीचा मशीनचा दोरा, पाळकांना पप्पांनी दिलेलं ते अर्ध्या तासाचं व्याख्यान, सगळं एकदम डोक्यात आलं आणि मला हसावं की रडावं कळेना. विलायतेची रीत म्हणे! कप्पाळ आमचं.

शेवंताबाईने पहिली मूठ घेतली आणि म्हणाली, "भर वं माय भर," आणि पुढचं माझ्या तोंडून आपोआप गेलं, "ओटी भर."

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. शेवंताबाईने विचारलं, तुमच्या भुसावळले बी हे करते काय? मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मलाच माहीत नाही. पूजा थांबवायची नसते, म्हणून तिने पुढे सुरू केलं. चार कोपऱ्यांना चार मुठी. प्रत्येक मुठीला बायजाबाई बांधावरून एकेका बाईचं नाव घेत होती. या वावरात ज्यांच्या हातून वेचणीचा मुहूर्त झाला त्या त्यांच्या घरातल्या गेलेल्या बाया, असं शेजारची एकजण माझ्या कानात म्हणाली. चार मुठी झाल्या. पाचवी नसू दे, असं वाटत होतं, आणि असू दे, असंही.

शेवंताबाईने पाचवी मूठ घेतली, वावराच्या मावळतीच्या टोकाला चालत गेली आणि बैलगाडीच्या जुन्या वाटेवर भात टाकला.

"हे भागूची," बायजाबाई म्हणाली. "तिच्या लेकरांले."

मी तिच्यासमोर जाऊन चिखलातच बसले. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"माझं आडनाव बार्लो आहे," मी म्हटलं.

"बारलू?" तिने चष्मा पुसला, पुन्हा लावला, माझा चेहरा नीट पाहिला. "साहेबाची होय?"

"दोघांची."

पुढचा अर्धा तास ती बोलत होती आणि मी मधेमधे नाक पुसत होते. भागू ही तिच्या मालकाच्या पणजोबांची बहीण. हे वावर भागूच्या बापाचं. साहेबाने जिनिंगसाठी कडेचा तुकडा मागितला आणि तिथे येतजात राहिला. साहेब काही देवमाणूस नव्हता, हेही तिने लपवलं नाही. तापट होता, गाडीवानाला चाबकाने मारायचा. त्या गाडीवानाच्या घरचे लोक अजून गावात आहेत. मी ज्या गोष्टीला घाबरत होते ती अशी सरळ समोर आली. मी मान खाली घातली. मग सगळा धीर गोळा करून लग्नाचं विचारलं.

"लगन कोनं पाह्यलं, बाई? त्याचा देव येगळा, तिचा येगळा. पन घर तिचं होतं. थो तिच्याकडं राहाले आलता."

साहेब तापाने गेला तेव्हा कापूस फुटायला आला होता. कोणी चर्चवाले लोक गाडी घेऊन आले. लेकरं साहेबाची आहेत, त्यांना शिकवू, चांगलं ठेवू, असं म्हणाले. भागूलाही चल म्हणाले. तिचा बाप अंथरुणावर होता, वावर पांढरं झालं होतं. ती म्हणाली, वेचणी आटपून येते, लेकरांना पुढं न्या. चार लेकरं गाडीत बसून याच वाटेने गेली. मोठी मार्था बारा वर्षांची, धाकटा कडेवरचा. वेचणी आटपून भागू यवतमाळला चालत गेली तर लेकरं तिथे नव्हती. कुठल्या गावाला नेली हे तिला कोणी सांगितलं नाही. ती परत आली आणि मरेपर्यंत दरवर्षी एक मूठ त्या वाटेवर टाकत राहिली. तिच्यामागे भावाची सून टाकायला लागली, मग तिची सून, मग बायजाबाई, आता शेवंताबाई.

"पोचली का नाही, येवढं बी कोनी सांगतलं नाही तिले," बायजाबाई म्हणाली.

बाया भोवती उभ्या होत्या, अनीसभाई लांब गाडीपाशी पाठ करून उभे होते. नंतर त्यांनी सांगितलं की डोळ्यांत कापूस गेला होता. मी एवढंच म्हणू शकले की चौघंही पोचली होती. भुसावळला. धाकट्याला मार्थाने वाढवलं, तिने लग्न केलं नाही, आणि दरवर्षी ती दहीभात उधळायची.

मग बायजाबाईने सुनेला घरी पिटाळलं आणि खण, ज्वारी मागवली. भागूचं कोणी एवढ्या पिढ्यांनी माहेरी आलंय, रिकाम्या ओटीने जायचं नाही. वेचणीचा पहिला कापूसही तिने माझ्या ओटीत टाकला. मी बावळटासारखी पदर नाही म्हणून ओढणी पसरून उभी. जेवायला थांबवून घेतलं, ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. निघताना म्हणाली, "पोचली का फोन करजो."

आमच्या घरातला कायदा तो, शब्दाला शब्द तोच. मी अनीसभाईंना म्हटलं, गाडी जरा हळू चालवा, मला रडायचंय. त्यांनी हळू चालवली.

आता परतीचं. मुकुटबनहून थेट धामणगाव एका दमात करू नका, अंग मोडतं. मी केलं आणि पश्चात्ताप झाला. गाडीत बसल्यावर मी ठरवून टाकलं की नाव सापडलं हे पप्पांना ऑपरेशननंतरच सांगायचं. आजीचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. वर 'अविवाहित' आहे, चाबूक आहे, लेकरं नेल्याचं आहे. त्यांचं हृदय, त्यांची झडप. बडनेरा येईपर्यंत मी खोटं नीट जुळवलं. अकोला येईपर्यंत त्यात तीन भोकं दिसली. भुसावळला उतरले तेव्हा बायजाबाईला फोन केला, पोचले म्हणून. ती म्हणाली, बापाले सांगतलं काय? मी म्हटलं, सांगते.

घरी पप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या ओढणीच्या गाठोड्यातून डोकावणाऱ्या कापसाकडे.

"नाव?"

"ऑपरेशननंतर सांगते."

"म्हणजे सापडलं," ते म्हणाले आणि वाट बघत बसले. अर्धा तास मी टिकले. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. लग्नाचं ऐकून त्यांनी काहीच विचारलं नाही. चाबकाचं ऐकून तोंड फिरवलं. भागू हे नाव दोनतीनदा स्वतःशी म्हटलं. मग विचारलं, "पुढे तिला मुलं भेटली का?" मी म्हटलं, नाही.

हे लिहितेय तेव्हा ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत. पप्पा घरी आहेत, मीठ कमी म्हणून माझ्यावर चिडतात आणि पाथरवटाला रोज फोन करतात. दगडावर आता पहिली ओळ भागूची आहे आणि तिच्याखाली 'आणि पती'. एडविनचं नाव घालायचं की नाही यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. मी म्हणते घालावं. ते म्हणतात, घोडीचं घालू.

जाऊन काय मिळालं असं विचाराल, तर मला अजून धड सांगता येत नाही. माझी भीती काही कमी झालेली नाही. कालच तीनदा गॅस बघितला. पण दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळचं एवढं सांगते.

पप्पांनी दही मागितलं. मी पाच दगड धुऊन पेरूखाली मांडले, आणि या वर्षी झाडाला मशीनचा दोरा नाही, त्या वावरातला कापूस वळून गुंडाळला. चार मुठी मी टाकल्या. पाचवी त्यांनी माझ्या हातातून घेतली. वॉकर टेकवत भिंतीपाशी गेले. मी फोनवर दिशा बघितली. ही भिंत कोणत्या दिशेला आहे हे भूगोलाच्या बाईने चौपन्न वर्षांत कधी बघितलं नव्हतं. पूर्व, किंचित आग्नेयेकडे. यवतमाळ त्याच बाजूला.

पलीकडून नीताताईंनी मान वर केली आणि कपडे काढून घेऊ का विचारलं. पप्पा म्हणाले, एक मिनिट. मग हात मागे नेऊन त्यांनी मूठ भिंतीपलीकडे टाकली, आणि फोनवर बोलताना लावतात तसा मोठा आवाज लावून म्हणाले, "भागू आजी, पोरं पोचली गं. चौघंही. भुसावळला आहेत."